पत्रकात नसलेलं वाक्य

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या दारावर बाईंचं नाव पदव्यांसकट लावलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. तोंडावर त्या ‘बाई’ होत्या आणि पाठीमागे ‘आठबाई’. बाईंना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचा राग नव्हता. शास्त्रज्ञ म्हटला की लोक विस्कटलेले केस आणि हरवलेला चष्मा शोधतात. आमच्या बाईंचे केस चापूनचोपून बसवलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि डाव्या तळहातात घडी घातलेला सुती रुमाल. तो रुमाल तेवढा लक्षात ठेवा.

आठबाई हे नाव पडलं ते घासण्यावरून. ज्या विषयात बाईंचं आयुष्य गेलं तो सांगायला अगदी सोपा आहे. द्रवात कार्बनची कांडी बुडवायची, तिला बेताचा विद्युतदाब द्यायचा आणि किती वीज वाहते ते मोजायचं. त्या विजेवरून द्रवात कोणता पदार्थ किती आहे ते कळतं. करायला मात्र तो महाकठीण. कांडीच्या टोकावर बोटाचा नुसता ठसा उमटला तरी आकडे वेड्यासारखे पळायला लागतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी ते टोक ओल्या कापडावर, पांढऱ्या बारीक पुडीच्या चिखलात घासायचं. गोल गोल घासलं तर एकच बाजू झिजते, त्यामुळे हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, आणि शेवटी टोक सुती रुमालावर तसंच आठ काढत पुसून घ्यायचं. बाई शिकायला आल्या तेव्हा म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्यांना अख्खा हिवाळा दुसरं काही करूच दिलं नाही. बाई घासायच्या, प्राध्यापक भिंगातून टोक बघायचे आणि ‘पुन्हा’ म्हणायचे. थंडी सरता सरता एकदा ते ‘बरं’ म्हणाले, आणि त्या दिवशी बाई जवळजवळ पळतच घरी गेल्या.

घर म्हणजे ताई. आई लवकर गेली, वडील कामासाठी सतत बाहेरगावी, त्यामुळे बाईंना वाढवलं ते थोरल्या बहिणीने. ताई कपडे शिवायची. खिडकीपाशी मोठं टेबल होतं. त्याच्या एका टोकाला ताईचं शिवणयंत्र आणि दुसऱ्या टोकाला बाईंची पुस्तकं. यंत्र चाललं की टेबल हलायचं. बाईंच्या कॉलेजच्या वह्या उघडून बघितल्या तर सगळं अक्षर थंडीने कुडकुडल्यासारखं दिसतं. त्या दिवशी ताईने सुईत दोरा ओवता ओवता सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, इतकं घासून शेवटी हाती काय येतं? आकडा, बाई म्हणाल्या. आकडा कुणाच्या उपयोगाचा, असं ताईने विचारलं, आणि बाई पुन्हा वह्यांत डोकं घालून बसल्या.

पुढची वर्षं कांड्या, बाटल्या आणि आलेखांत गेली. वीज इतकी इवलीशी मोजायची असायची की लिफ्ट सुरू झाली तरी रेघ उडायची, लोकरी स्वेटर घातलेला माणूस शेजारून गेला तरी उडायची. बाईंनी एका बेकरीतून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला, प्रयोगाचं भांडं त्यात ठेवून झाकण लावलं, आणि रेघ शहाण्यासारखी सरळ झाली. संस्थेत पाहुणे आले की त्यांना परदेशी यंत्रं दाखवली जात; पाहुणे मात्र त्या डब्याचीच चौकशी करत. मग बाई एन्झाइमांच्या नादी लागल्या. एन्झाइम म्हणजे पेशीतले कामगार. प्रत्येकाला एकच काम येतं, पण ते बिनचूक येतं, म्हणून रक्तातल्या हजार पदार्थांतून हवा तोच पदार्थ हुडकायला त्यांच्यासारखं कुणी नाही. फक्त त्यांची मिजास सांभाळावी लागते. जरा उकडलं की त्यांनी अंग टाकलंच. बाईंनी त्यांच्या मिनतवाऱ्या करण्यात तारुण्य घालवलं आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

नवराही कामातूनच मिळाला. प्रबंध छापायला गेला तेव्हा छापखान्यातल्या मुद्रितशोधकाने एका तक्त्यात घसरलेलं दशांशचिन्ह पकडलं. बाई आधी भडकल्या, मग त्यांनी तपासून पाहिलं, आणि मग त्याच्याशी लग्न केलं. मूल झालं नाही. ताईची लेक दोन्ही घरांत वाढली, मोठी झाली आणि लांब डोंगरातल्या एका गावी शाळेत शिकवायला गेली.

बाईंची पन्नाशी उलटली आणि ताईची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की स्नायूंच्या कामातून क्रिएटिनिन नावाचा एक कचरा तयार होतो. मूत्रपिंडं धड असली तर तो बाहेर पडतो, थकली असली तर रक्तात साचतो. औषधं, पथ्य सगळं त्या आकड्याकडे बघून ठरणार होतं, आणि तो दर पंधरवड्याला हवा होता. बाई मान डोलवत ऐकत होत्या. ताईने मात्र त्यांच्याकडे वळून बघितलं आणि हसून म्हणाली, आकडा कुणाच्या उपयोगाचा ते आज कळलं बघ.

तेव्हापासून दर पंधरवड्याचा मंगळवार इस्पितळाचा. रक्त घेण्याच्या खिडकीसमोर एक हिरवा बाक होता, त्याचा एक पाय आखूड होता. ताई कायम डाव्या टोकाला बसायची, बाई उजव्या, आणि दोघींपैकी एक हलली की दुसरीला कळायचं. नंबर पुकारेपर्यंत ताई कुणाच्या तरी झग्याची किनार दुमडायची आणि दोघी वाट्टेल ते बोलत बसायच्या. ताईला या खेपांचा मनस्वी कंटाळा होता. सुईची तर तिला सवयच होती. तिला जाच व्हायचा तो बांधून ठेवल्याचा. लेकीला बाळ झालं होतं, लेक ये ये म्हणत होती, आणि त्या डोंगरातल्या गावापासून इस्पितळ दिवसभराच्या वाटेवर. डॉक्टर म्हणाले, जा की, पण पंधरवड्याला मला आकडा कळला पाहिजे. तेव्हा त्याच बाकावर बसून बाई बोलून गेल्या की मी तुला घरच्या घरी आकडा काढून देईन.

बोलून गेल्या खऱ्या, पण त्यापायी वर्षांमागून वर्षं गेली. कांडीच्या जागी छापलेल्या कार्बनची पातळ पट्टी आली. एन्झाइमं नखाएवढ्या कुपीत वाळवून बंद केली. बोटाचा थेंब कुपीत घालायचा, कुपी हलवायची, कुपीतला थेंब पट्टीवर सोडायचा, आणि मुठीत मावेल असं यंत्र आकडा दाखवणार. ताई मधूनमधून विचारायची की तुझी पट्टी आधी येते का नातवाला मिशा आधी फुटतात. बाईंची निवृत्ती जवळ आली तेव्हा पट्टी एकदाची तयार झाली. बाईंच्या खोलीत कुणीही मोजलं तरी आकडा तंतोतंत. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या मुलामुलींनी सगळं पालथं घालून पाहिलं, कुठे खोट नाही.

मग पट्ट्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पडताळणीला गेल्या, आणि तिथे त्यांनी दगा दिला. आकडे कमी यायचे, कधी निम्मेच. तिथला तंत्रज्ञ शांत माणूस होता. त्याने स्वतःचं मत न जोडता आकडे कळवले. बाईंचं टाळकं सरकलं. बोटं ओली असतील, कुपी हलवली नसेल, खोक्यातलं सूचनांचं पत्रक वाचलंच नसेल, असं खोलीभर बडबडत त्या स्वतः तिथे गेल्या, त्याच खोक्यातली पट्टी काढली, मोजलं, आणि आकडा बरोबर आला. पुन्हा मोजलं, पुन्हा बरोबर. बाईंनी तंत्रज्ञाकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर खाली बघितलं असतं. तो म्हणाला, “तुम्ही केलं की येतं, बाई. मग प्रत्येक खोक्यात एकेक बाई घालून पाठवा.”

बाई तणतणत परत आल्या. पण हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

त्यानंतरच्या मंगळवारी, इस्पितळातून आकडा घेऊन झाल्यावर, बाई आणि त्यांचा नवरा ताईच्या घरी गेले. यंत्र, पट्ट्या, कुप्या आणि पत्रक असं सगळं खिडकीजवळच्या टेबलावर मांडलं. बाईंनी ठरवलं होतं की मध्ये तोंड घालायचं नाही. ताईने चष्मा लावला, पत्रक वाचलं, पट्टी बसवली, बोट टोचलं. शिवणारीचा हात, कुठे थरथर नाही. यंत्राने आकडा दाखवला तो सकाळच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. ताईचा चेहरा असा उजळला की बाईंना बघवेना. अगं, मी बरी झाले की, असं म्हणत ताई उठली आणि कपाटाच्या माथ्यावरची बॅग खाली काढायला लागली.

पट्टी चुकली तर माणूस चिडतो, खेप वाया जाते. पण पट्टी खोटा धीर द्यायला लागली तर माणूस औषध सोडतो आणि डोंगरात जाऊन पडतो. त्यांनी ताईला हाताला धरून परत बसवलं, तिच्याच बोटाचा थेंब घेतला आणि स्वतः मोजलं. सकाळचाच आकडा आला. ताईने बॅग उचलली आणि होती तिथे ठेवून दिली. बाईंना त्या क्षणी स्वतःच्या सगळ्या पदव्यांची लाज वाटली.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने तेवढ्यात पत्रक पुढे ओढलं. हा माणूस निवृत्त झाला होता, पण औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पेन्सिल घेतल्याशिवाय वाचत नसे. तो म्हणाला की मी एकेक वाक्य वाचतो, तू तेवढंच करायचं, त्याहून जास्त नाही. बाईंना हा पोरखेळ वाटला, पण वाद घालायची ताकद उरली नव्हती. पट्टी पाकिटातून काढावी, असं त्याने वाचलं. बाईंनी काढली. पट्टी यंत्रात बसवावी, असं वाचलं. बाईंनी बसवली.

पेन्सिल कागदावर थांबली. “पुन्हा कर,” तो म्हणाला.

बाईंनी नवी पट्टी काढली आणि बसवली.

“‘काढावी’ आणि ‘बसवावी’ यांच्या मध्ये तू एक वाक्य करतेस,” तो म्हणाला. “ते इथे छापलेलं नाही.”

बाईंना कळेना. नवऱ्याने त्यांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. बाईंनी तिसरी पट्टी काढली, अगदी सावकाश, आपल्याच हातांवर पाळत ठेवून. उजव्या हाताने पट्टी उचलली, आणि यंत्राकडे नेण्याआधी त्या हाताने, मालकिणीला न विचारता, डाव्या तळहातातल्या रुमालावर पट्टीचं टोक टेकवून एक इंग्रजी आठ काढला. मग दुसरा. मग पट्टी यंत्रात गेली.

सगळा उलगडा एका दमात झाला. छापताना कार्बनच्या शाईतला चिकट अंश पट्टीवर वर येऊन बसत होता, डोळ्यांना न दिसणारा, आणि विजेची वाट अडवत होता, म्हणून आकडा कमी. बाईंच्या खोलीत तो कधी आडवा आलाच नव्हता, कारण तिथे प्रत्येकाच्या डाव्या हातात रुमाल होता. मुलामुलींनी बाईंकडे बघून तो घेतला होता, बाईंनी प्राध्यापकांकडे बघून. पुसायचं असतं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि म्हणून ते कुणी लिहिलंही नव्हतं. बाईंना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की ताईलाही हसू आवरेना, का ते न कळताच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तंत्रज्ञाला फोन करून माझं चुकलं असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं की मग आता खोक्यात रुमाल घालणार का.

तेही आदल्या दुपारीच करून पाहिलं होतं. ताईने रुमालावर पुसलं तेव्हा आकडा थोडा सुधारला, पण पुरता नाही. आठ काढायला शिकण्यात बाईंचा एक हिवाळा गेला होता, ताईला एका दुपारी कुठून येणार? हात विकता येत नाही, हे बाईंच्या ध्यानात आलं. मग त्या शेजारच्या खोलीतल्या यंत्रवाल्याकडे गेल्या. हा गडी सर्किटं जोडायचा, क्वचित बोलायचा आणि बाईंना मनापासून घाबरायचा. दोघांनी डोकी एकत्र केली. थेंब पडला की मोजण्याआधी यंत्रानेच पट्टीला थोडा वेळ चढा विद्युतदाब द्यायचा, म्हणजे तो चिकट थर तिथल्या तिथे जळून जाईल, आणि मग थोडं थांबून नेहमीसारखं मोजायचं. पहिले प्रयत्न फसले. दाब जास्त झाला की एन्झाइमांनी केलेलं कामही वाया जायचं. बाईंनी निवृत्तीचा निरोपसमारंभ पुढे ढकलायला लावला आणि रोज जिना चढत राहिल्या. खोलीतले सगळे रुमाल त्यांनी एका खोक्यात घालून टेपने बंद केले. मुलामुलींची बोटं बिचारी पट्टी उचलून हवेतच घुटमळत.

आकडे जुळले. इस्पितळातही जुळले, ज्यांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं त्यांच्या हातूनही जुळले, आणि तंत्रज्ञाने पुन्हा काहीही न जोडता नुसते आकडे कळवले. मुलं म्हणतात की त्या दिवशी बाईंनी जिन्यात शीळ घातली.

ताईने पुन्हा एकदा टेबलाशी बसून स्वतः मोजलं. बाई शेजारी बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण हातांचा भरवसा नव्हता. थेंब पडला आणि यंत्राच्या पडद्यावर एक छोटा इंग्रजी आठ हळूहळू फिरायला लागला. यंत्रवाल्याने तो बाईंना न सांगता घातला होता. पट्टी साफ होईपर्यंत वाट बघताना माणसाला काहीतरी दिसावं म्हणून, असं त्याने नंतर खालमानेनं सांगितलं. आठ थांबला आणि आकडा आला. सकाळी इस्पितळाने दिलेला होता तोच. आकडा काही फार चांगला नव्हता, पण खरा होता, आणि खऱ्या आकड्यावर डॉक्टर ताईला जाऊ देणार होते. यावेळी बॅग बाईंनीच कपाटावरून काढून दिली.

ताई गेली. बाई आणि नवरा बसपर्यंत पोचवायला गेले, बाईंनी पट्ट्यांचं खोकं ताईच्या मांडीवर ठेवलं, उन्हात ठेवू नकोस असं चारदा बजावलं, आणि ताई म्हणाली की मी तुला वाढवलं, तुझं खोकं सांभाळीन. निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली, बिस्किटांचा डबा संस्थेने काचेच्या कपाटात ठेवायचं ठरवलं आणि बाईंनी तो त्यांच्या नाकासमोरून घरी नेला. सगळं मनासारखं झालं होतं. बाई खरोखर सुखात होत्या, आणि हे त्या कुणालाही सांगत.

मग पंधरवड्याचा मंगळवार आला. बाईंनी सवयीने आवरलं, सवयीने बस पकडली, आणि भान आलं तेव्हा त्या रक्ताच्या खिडकीसमोर उभ्या होत्या. परत फिरायला हवं होतं. त्याऐवजी त्या हिरव्या बाकावर उजव्या टोकाला बसल्या. बाक त्यांच्याकडे कलला आणि तसाच राहिला. दुसऱ्या टोकाला वजनच नव्हतं. तेव्हा बाईंना कळलं की इतकी वर्षं जिला त्या खेप म्हणत होत्या ती त्यांच्या पंधरवड्यातली सगळ्यात लाडकी वेळ होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने, जीव तोडून मेहनत करून, घालवली होती. त्यांना ताईची फार आठवण आली.

फोन वाजला. ताईने आकडा सांगितला, वाढला नव्हता. डॉक्टरांना कळवला आहे, नातू पाठ सोडत नाही, आणि तो आठ फिरताना बघायला शेजारपाजारची पोरं जमतात, असं सगळं एका दमात सांगून झालं. मग ताई एकदम थांबली.

“चिमे, मागे नंबर कोण पुकारतंय?”

बाईंनी फोनवर तळहात धरला, तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला.

“बाकावर बसली आहेस होय?”

“हो.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कपड्याची सळसळ. “थांब, मी हातात शिवण घेते,” ताई म्हणाली. “आपला नंबर यायला वेळ आहे ना अजून?”

“पुष्कळ आहे,” बाई म्हणाल्या, आणि बाकाचं डावं टोक मोकळं ठेवून जरा नीट सरकून बसल्या.